मायर, आडोल्फ

(१३ सप्टेंबर १८६६–१७ मार्च १९५०). स्विस-अमेरिकन मानसचिकित्सक, तंत्रिकाविकृतिविज्ञ व अध्यापक. बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील मानसचिकित्सेचे प्राध्यापक आणि त्या विद्यापीठाच्या रुग्णालयाशी संलग्न असलेल्या हेन्री फिप्स मानसचिकित्सा चिकित्सालयाचे पहिले संचालक. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील मानसचिकित्सेचे जे स्वरूप घडले, त्यावर मायर यांच्याइतका प्रभाव क्वचितच दुसऱ्या कोणाचा पडला असेल. तथापि मानसचिकित्सेत त्यांच्या नावाने ओळखला जाणारा एखादा रोग, औषध वा उपचारपद्धती नाही. त्यांचे कार्य निराळ्या प्रकारचे आहे. रुग्णाची नोंद कशी ठेवावी, त्या नोंदीवरून विचार कसा करावा आणि ही शिस्त तरुण वैद्यांच्या अंगी कशी बाणवावी, हे त्यांनी जवळजवळ अर्धशतक शिकविले. त्यांचे यश आणि त्यांच्या कारकीर्दीतील सर्वांत गंभीर अपयश या दोहोंचे मूळ त्यांच्या या गुरुपदातच सापडते.

पूर्वायुष्य व शिक्षण : मायर यांचा जन्म स्वित्झर्लंडमधील झुरिकजवळच्या नीडरवेनिंगेन या खेड्यात झाला. त्यांचे वडील प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक होते, तर चुलते वैद्यकाचा व्यवसाय करीत. झुरिक विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेत असताना मानसचिकित्सक व मेंदूचे संशोधक ओग्यूस्त फोरेल यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. त्यानंतर पॅरिस, लंडन व एडिंबरो येथे त्यांनी काही काळ अध्ययन केले. ह्यूलिंग्ज जॅक्सन या ब्रिटिश तंत्रिकाविज्ञांचे आणि टॉमस हक्सली या जीववैज्ञानिकांचे विचार त्यांच्या मनात तेव्हाच रुजले. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अग्रमस्तिष्कावरील प्रबंधाबद्दल १८९२ मध्ये त्यांना एम्.डी. ही पदवी मिळाली. मायदेशात विद्यापीठीय पद मिळण्याची आशा नसल्याने त्याच वर्षी ते अमेरिकेत शिकागो येथे गेले. ते गेल्यानंतर त्यांच्या आईला तीव्र अवसादाने (खिन्नतेच्या विकाराने) ग्रासले. पुढे ती बरी झाली. मेंदूच्या विकृतीतच मनोविकाराचे कारण शोधण्याची ज्याला सवय लागली आहे अशा तरुण वैद्याला, आयुष्यातील एखादी घटनाही मन विस्कटू शकते आणि विस्कटलेले मन पुन्हा सावरू शकते, याचा प्रत्यय घरातच आला.

राज्य रुग्णालयांतील कार्य : त्या काळी अमेरिकेतील मनोरुग्णालये शहरांपासून दूर वसलेली व उर्वरित वैद्यकापासून तुटलेली होती. तेथील अधीक्षकांचा बहुतेक वेळ शेती, स्वयंपाकघर, इमारती व हिशेब यांची व्यवस्था पाहण्यात जाई. सायलस वेअर मिचेल या तंत्रिकाविज्ञांनी १८९४ मध्ये अधीक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेसमोरच केलेल्या भाषणात या स्थितीवर कठोर टीका केली. मायर १८९३ मध्ये इलिनॉय राज्यातील कँकाकी येथील मनोरुग्णालयात विकृतिविज्ञ म्हणून रुजू झाले होते. मृत रुग्णांच्या मेंदूंची तपासणी करून वेडाचे कारण शोधावे, अशी त्यांच्याकडून अपेक्षा होती. परंतु मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याआधीच एक मूलभूत अडचण त्यांच्या ध्यानात आली. ज्याच्या मेंदूची शवपरीक्षा करावयाची, तो मनुष्य जिवंतपणी कसा वागत होता, आजार केव्हा व कसा सुरू झाला, याची विश्वसनीय नोंदच रुग्णालयात नसे. अशा स्थितीत मेंदूत आढळलेल्या फरकाचा संबंध कशाशी जोडावयाचा? मायर यांनी रुग्णांची पद्धतशीर तपासणी सुरू केली, वैद्यांसाठी व्याख्याने ठेवली आणि मृतांऐवजी जिवंत रुग्णांकडे लक्ष वळविले. शवविच्छेदनाची खोली सोडून वॉर्डात येण्याचा हा निर्णय त्यांच्या कारकीर्दीला दिशा देणारा ठरला.

मॅसॅचूसेट्स राज्यातील वुस्टर येथील रुग्णालयात १८९५–१९०२ या काळात या कार्यास अधिक वाव मिळाला. तेथे निवडक तरुण पदवीधरांना निवासी वैद्य म्हणून घेऊन त्यांना प्रशिक्षण देण्याची पद्धत त्यांनी घातली. प्रत्येक रुग्णाची तपासणी ठराविक क्रमाने व्हावी, त्याचे शब्द शक्यतो जसेच्या तसे लिहून घ्यावेत व मग सर्व वैद्यांनी एकत्र बसून त्यावर चर्चा करावी, असा परिपाठ त्यांनी ठेवला. १८९६ मध्ये यूरोपच्या प्रवासात त्यांनी हायडल्‌बर्ग येथे एमील क्रेपेलीन यांचे चिकित्सालय पाहिले. विकाराचा दीर्घकालीन क्रम पाहून त्याचे वर्गीकरण करण्याची क्रेपेलीन यांची पद्धत त्यांनी वुस्टरला आणली. अकाली बुद्धिभ्रंश (आजच्या परिभाषेत छिन्नमानस) ही संकल्पना अमेरिकेत रुजविण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. मात्र याच संकल्पनेचे ते पुढे टीकाकारही बनले.

न्यूयॉर्क राज्याच्या विकृतिविज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांच्याकडे १९०२ मध्ये आले. त्यांनी या संस्थेचा कारभार वॉर्ड्‌स बेटावरील मनोरुग्णालयालगत हलविला आणि राज्यातील मनोरुग्णालयांच्या वैद्यांना तेथे बोलावून प्रशिक्षण देण्यास आरंभ केला. एका राज्यातील सर्व रुग्णालयांत एकाच पद्धतीने नोंदी ठेवल्या जाऊ लागल्याने निरनिराळ्या ठिकाणच्या रुग्णांची तुलना करणे शक्य झाले. १९०८ मध्ये संस्थेच्या नावातील ‘विकृतिविज्ञान’ हा शब्द जाऊन ‘मानसचिकित्सा’ हा शब्द आला. १९०२ मध्येच मायर यांचा विवाह मेरी पॉटर ब्रुक्स यांच्याशी झाला होता. रुग्णांच्या घरी जाऊन कुटुंबीयांकडून माहिती मिळविण्याचे व रुग्ण घरी परतल्यावर त्यांची विचारपूस करण्याचे काम मेरी यांनी १९०४ पासून विनावेतन केले. मानसचिकित्सेतील समाजकार्याचा हा एक प्रारंभ मानला जातो.

मज्जासंस्थेच्या रचनेचे संशोधनही मायर यांनी सोडले नव्हते. दृष्टितंतूंचा एक भाग मेंदूच्या शंखखंडातून वळसा घेऊन मागे जातो, हे त्यांनी १९०७ मध्ये स्पष्ट केले. हा वळसा ‘मायर पाश’ या नावाने ओळखला जातो. शंखखंडावरील शस्त्रक्रियेत त्यास इजा झाली, तर विरुद्ध बाजूच्या दृष्टिक्षेत्राचा वरचा चतुर्थांश भाग दिसेनासा होतो. म्हणून शल्यचिकित्सकांना आजही तो ध्यानात ठेवावा लागतो.

मनोजीवविज्ञान : मायर यांनी आपल्या विचारप्रणालीस मनोजीवविज्ञान असे नाव दिले. तिचे मुख्य सूत्र असे, की मन व शरीर या दोन स्वतंत्र वस्तू नसून परिस्थितीशी जुळवून घेत जगणारी संपूर्ण व्यक्ती हाच अभ्यासाचा विषय होय. हृदयाचे कार्य जसे जीववैज्ञानिक, तसेच विचार करणे, आशा धरणे, भिणे व इतरांशी संबंध जोडणे हेही जीववैज्ञानिक कार्यच आहे. फरक इतकाच, की ते एका इंद्रियाचे कार्य नसून संपूर्ण व्यक्तीचे आहे. मनोविकार म्हणजे बाहेरून येऊन जडलेली वस्तू नव्हे. विशिष्ट घडणीच्या व्यक्तीने विशिष्ट परिस्थितीस दिलेली, परंतु फसलेली अशी ती प्रतिक्रिया होय. म्हणून रोगांच्या प्रकारांऐवजी ‘प्रतिक्रियाप्रकार’ हा शब्दप्रयोग त्यांनी रूढ केला. छिन्नमानसाविषयी लिहिताना त्यांनी वर्षानुवर्षे साचत गेलेल्या सदोष सवयींवर भर दिला. अडचणींना सामोरे न जाता कल्पनेत रमणे, टाळणे, मागे सरणे या सवयी दृढ होत जाऊन अखेर व्यक्तिमत्त्व ढासळते, असे त्यांचे मत होते. त्यांचे हे स्पष्टीकरण आज अपुरे मानले जाते. कारण छिन्नमानसात आनुवंशिकतेचा व मेंदूच्या वाढीतील दोषांचा वाटा मोठा असल्याचे नंतरच्या संशोधनाने दाखविले आहे. तथापि त्या मताचा एक व्यावहारिक परिणाम महत्त्वाचा ठरला. विकार ही प्रतिक्रिया असेल, तर ती बदलण्याचा प्रयत्न करता येतो; म्हणजेच रुग्णाला असाध्य ठरवून विसरून जाता येत नाही.

सिग्मंड फ्रॉइड व कार्ल युंग ज्या परिषदेस उपस्थित होते, त्या क्लार्क विद्यापीठातील १९०९ च्या परिषदेत मायर यांनीही व्याख्यान दिले. मनोविश्लेषणातील निरीक्षणांविषयी त्यांना आस्था होती. परंतु एकाच सिद्धांताने सर्व रुग्णांचा उलगडा करण्याची वृत्ती त्यांना मान्य नव्हती. कोणताही पंथ न स्वीकारता प्रत्यक्ष तथ्यांपासून आरंभ करावा, असा त्यांचा आग्रह असे.

जीवनालेख : या आग्रहाचे मूर्त साधन म्हणजे जीवनालेख. १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात मायर यांनी त्याचे विवेचन केले. या आलेखात रुग्णाच्या जन्मापासूनची वर्षे क्रमाने मांडलेली असतात. त्यांच्या अनुरोधाने शरीरातील निरनिराळ्या इंद्रियांचे आजार व बदल दाखविले जातात आणि शेजारी आयुष्यातील घटना लिहिल्या जातात. शाळेत प्रवेश, परीक्षेतील यशापयश, गाव बदलणे, नोकरी लागणे वा जाणे, विवाह, घरातील जन्म व मृत्यू यांपैकी काहीही क्षुल्लक समजले जात नाही. उदा., एखादी स्त्री तिसऱ्या बाळंतपणानंतर खिन्न झाली एवढेच सांगितले, तर वैद्याचे लक्ष बाळंतपणावर खिळते. आलेख भरताना मात्र असे दिसू शकते, की आधीच्या दोन बाळंतपणांच्या वेळी ती माहेरी होती, या वेळी नुकताच गाव बदललेला होता, तिच्या आईचा मृत्यू त्याच वर्षी झाला होता आणि पंधराव्या वर्षी वडील गेल्यानंतरही ती काही महिने अशीच झाली होती. निदानाचे नाव कदाचित बदलणार नाही. परंतु उपचार कोठून सुरू करावयाचा आणि विकार पुन्हा उद्‌भवण्याचा धोका केव्हा आहे, हे या आलेखावरून कळते. या पद्धतीत मर्यादाही आहे. एका घटनेनंतर दुसरी घडली म्हणजे पहिलीच तिचे कारण होय, असे सिद्ध होत नाही. आणि माहिती कितीही गोळा केली, तरी तिच्यातील महत्त्वाचे कोणते हे ठरविण्याची कसोटी आलेख स्वतः देत नाही.

फिप्स चिकित्सालय : पोलादाच्या उद्योगात संपत्ती मिळविलेले हेन्री फिप्स यांनी १९०८ मध्ये जॉन्स हॉपकिन्सला मानसचिकित्सेच्या चिकित्सालयासाठी देणगी दिली. संचालकपदासाठी मायर यांची निवड झाली व १९१० मध्ये ते बॉल्टिमोरला आले. इमारतीचा आराखडा ठरविण्यापासून सर्व तपशिलांत त्यांनी लक्ष घातले. एप्रिल १९१३ मध्ये चिकित्सालयाचे उद्‌घाटन झाले; त्या समारंभास विल्यम ऑस्लर उपस्थित होते. सर्वसाधारण रुग्णालयाच्या आवारातच, वैद्यक व शल्यचिकित्सा या विभागांच्या शेजारी मानसचिकित्सेला स्थान मिळणे ही त्या काळी नवी गोष्ट होती. मनोरुग्णाला दूर न पाठविता इतर रुग्णांप्रमाणेच ठेवावयाचे आणि मानसचिकित्सकाने इतर वैद्यांच्या बरोबरीने काम करावयाचे, हे त्यामागील तत्त्व होते. येथे रुग्णांसाठी वॉर्ड, बाह्यरुग्ण विभाग, प्रयोगशाळा व बाग अशी सोय होती. जॉन वॉटसन यांचे वर्तनवादी प्रयोग येथील प्रयोगशाळेत झाले आणि जैविक लयींचे अभ्यासक कर्ट रिक्टर यांनी आपले संशोधन येथेच केले.

रुग्णाचा दिवस कसा जातो, याला मायर उपचाराचाच भाग मानीत. काम, खेळ, विश्रांती व झोप यांचा तोल बिघडणे हे मनोविकाराचे एक अंग असल्याने हातांना आनंददायक काम देऊन तो तोल सावरावा, असे त्यांनी १९२१ मध्ये बॉल्टिमोर येथे दिलेल्या व्याख्यानात मांडले. व्यवसायोपचाराच्या (काम व छंद यांद्वारे केल्या जाणाऱ्या उपचाराच्या) इतिहासात हे व्याख्यान पायाभूत समजले जाते. या क्षेत्रातील अग्रणी एलिनॉर क्लार्क स्लेगल यांनी चिकित्सालयाच्या आरंभकाळात तेथे काम केले होते.

अध्यापन व शिष्यपरंपरा : जॉन्स हॉपकिन्समध्ये मानसचिकित्सा हा वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने शिकावयाचा विषय झाला. त्याचा आरंभ रुग्णांपासून न होता स्वतःपासून होई : पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने स्वतःच्याच व्यक्तिमत्त्वाचा व आयुष्याचा अभ्यास लिहून काढावा, अशी मायर यांची अट होती. निरोगी मनुष्याचे आयुष्य समजून घेण्यास जो शिकला नाही, त्याला रुग्णाचे समजणार नाही, हा त्यामागील हेतू होता. निवासी वैद्यांच्या बैठकांत मायर नोंदीतील प्रत्येक विधानाचा आधार विचारीत. त्यांचे बोलणे व लिहिणे लांबलचक व क्लिष्ट असे, आणि ग्रीक धातूंवरून घडविलेली त्यांची परिभाषा त्यांच्या चिकित्सालयाबाहेर फारशी रुजली नाही. त्यामुळे त्यांचे विचार पसरले ते मुख्यतः त्यांच्या शिष्यांमुळे.

या शिष्यांपैकी डेव्हिड हेंडरसन व रॉबर्ट गिलेस्पी यांचे १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेले मानसचिकित्सेचे पाठ्यपुस्तक अनेक दशके ब्रिटनमध्ये व इतरत्र वापरात होते. लिओ कॅनर यांनी १९३० मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथे बालमानसचिकित्सेचा विभाग सुरू केला आणि १९४३ मध्ये अकरा मुलांच्या वर्णनावरून स्वमग्नतेचा विकार प्रथम सविस्तर मांडला. त्या लेखातील बारकाईने केलेल्या नोंदींवर मायर यांच्या शिस्तीची छाप स्पष्ट दिसते. ऑब्री लुइस यांनी बॉल्टिमोरमधील अनुभव लंडनच्या मॉड्झली रुग्णालयात नेला व १९४६ पासून तेथे प्राध्यापक म्हणून जगाच्या अनेक भागांतून आलेल्या मानसचिकित्सकांना घडविले. त्यांत भारतीयही होते. भारतातील मनोरुग्णालयांत आज घेतल्या जाणाऱ्या सविस्तर पूर्ववृत्तामागे ही परंपराही आहे.

मायर १९२७-२८ मध्ये अमेरिकन मानसचिकित्सा संघटनेचे अध्यक्ष होते. मानसचिकित्सा व तंत्रिकाविज्ञान या विषयांतील तज्ञांच्या परीक्षा घेणारे राष्ट्रीय मंडळ १९३४ मध्ये स्थापन झाले, त्यातही त्यांचा पुढाकार होता.

मानसिक आरोग्याची चळवळ : मनोरुग्णालयातील हालांना स्वतः तोंड दिलेले क्लिफर्ड बिअर्स यांनी अ माइंड दॅट फाउंड इटसेल्फ (१९०८) हे आत्मकथन लिहिले. मायर यांनी ते प्रसिद्धीपूर्वी वाचून सूचना केल्या आणि बिअर्स यांच्या नियोजित चळवळीस ‘मानसिक आरोग्य’ या अर्थाचे नाव सुचविले. १९०९ मध्ये राष्ट्रीय समिती स्थापन झाली. परंतु कार्याच्या दिशेविषयी मतभेद होऊन मायर लवकरच तिच्यापासून दूर झाले. देशव्यापी प्रचारापेक्षा एका मर्यादित वस्तीतील शाळा, न्यायालय, रुग्णालय व कुटुंबे यांना जोडणारे काम त्यांना अधिक महत्त्वाचे वाटत होते.

कॉटन प्रकरण : वुस्टर येथे मायर यांच्या हाताखाली शिकलेले हेन्री कॉटन १९०७ पासून न्यू जर्सी राज्यातील ट्रेंटन मनोरुग्णालयाचे प्रमुख होते. दात, टॉन्सिल, आतडी इ. ठिकाणी दडून राहिलेला जंतुसंसर्ग हेच वेडाचे कारण होय, असे मानून १९१६ च्या सुमारास त्यांनी रुग्णांचे दात काढण्यास आरंभ केला. पुढे टॉन्सिल, प्लीहा, जठराचा भाग व मोठे आतडे काढण्यापर्यंत मजल गेली. सु. ८५ टक्के रुग्ण बरे होतात, असा त्यांचा दावा होता. मोठ्या आतड्यावरील शस्त्रक्रियेत सु. ३० टक्के रुग्ण दगावतात, हे मात्र त्यांच्याच आकड्यांवरून दिसत होते. कॉटन यांच्या १९२१ च्या ग्रंथास मायर यांनी प्रास्ताविक लिहिले होते. न्यूयॉर्कमधील निकोलस कोपेलॉफ व जॉर्ज कर्बी यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक अभ्यासात या उपचाराचा लाभ दिसून आला नाही.

ट्रेंटनच्या विश्वस्त मंडळातील एका सदस्याच्या विनंतीवरून मायर यांनी १९२४ मध्ये आपल्या सहकारी फिलिस ग्रीनएकर यांना चौकशीसाठी पाठविले. त्यांनी मायर यांच्याच पद्धतीने नोंदी तपासल्या, रुग्णांना व त्यांच्या कुटुंबीयांना प्रत्यक्ष भेटून खातरजमा केली आणि दावे निराधार असल्याचे दाखवून दिले. अधिक उपचार झालेल्या रुग्णांची स्थिती उलट अधिक वाईट होती. हा अहवाल १९२६ च्या आरंभी कॉटन यांच्यासमोर ठेवण्यात आला. कॉटन यांनी तो मानला नाही आणि मायर यांनी तो प्रसिद्ध होऊ दिला नाही. शस्त्रक्रिया चालूच राहिल्या. कॉटन १९३३ मध्ये मरण पावले, तेव्हा मायर यांनी लिहिलेल्या मृत्युलेखात त्यांचा गौरवच केला. अँड्र्यू स्कल या समाजशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये या प्रकरणावर ग्रंथ लिहिल्यानंतर त्याची सविस्तर चर्चा झाली. तथ्ये गोळा करण्याची मायर यांची पद्धत येथे अपयशी ठरली नाही. तिने सत्य उजेडात आणले होते. शिष्याविषयीची निष्ठा, व्यवसायाच्या प्रतिष्ठेची काळजी व कोणत्याही शक्यतेचे दार बंद न करण्याची वृत्ती यांमुळे ते सत्य बोलण्याचे टाळले गेले, आणि त्याची किंमत ज्यांना स्वतःची बाजू मांडता येत नव्हती अशा रुग्णांनी मोजली. अधिकारपदावरील वैद्याचे मौन हेही रुग्णांवर परिणाम करणारे कृत्यच असते, हा या प्रकरणाचा धडा होय.

मूल्यमापन : अमेरिकन मानसचिकित्सा संघटनेने १९५२ मध्ये तयार केलेल्या पहिल्या वर्गीकरणात बहुतेक विकारांना ‘प्रतिक्रिया’ म्हटले होते, १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा शब्द बहुतेक ठिकाणी गळला आणि १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीपासून क्रेपेलीन यांच्या धर्तीवरील काटेकोर रोगवर्णनास पुन्हा महत्त्व आले. मायर यांचे सिद्धांत अशा रीतीने मागे पडले. मात्र जॉर्ज एंगेल यांनी १९७७ मध्ये मांडलेला जैव-मानसिक-सामाजिक दृष्टिकोन मायर यांच्या भूमिकेशी निकटचे नाते सांगतो. सामान्य रुग्णालयातील मानसचिकित्सा विभाग, निवासी वैद्यांचे प्रशिक्षण, रुग्णचर्चेच्या बैठका, समाजकार्यकर्त्यांचा सहभाग व तपशीलवार पूर्ववृत्त या गोष्टी आज इतक्या सर्वमान्य झाल्या आहेत, की त्यांच्यामागील व्यक्ती विस्मरणात गेली आहे.

मायर १९४१ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या लेखांचे चार खंड १९५०–५२ मध्ये आणि मनोजीवविज्ञानावरील १९३१ ची व्याख्याने १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली. बॉल्टिमोर येथे ते मरण पावले.